खो मिळेपर्यंत

प्रवरेच्या तीरावर, कोल्हारपासून पाऊण कोसाच्या अंतरावर, एक माध्यमिक शाळा आहे. शाळेच्या मागे मैदान, आणि मैदानाच्या पश्चिमेस आप्पासाहेबांचा ऊस. मार्गशीर्ष जवळ आला की हा ऊस दोन पुरुष उंच होतो. त्याची सावली चार वाजल्यापासूनच मैदानावर सरकू लागते, आणि सूर्य आकाशात असतानाच तेथे तिन्हीसांजेचा भास होतो. ती सावली खो-खोच्या मधल्या पाटीला टेकली की दीपा सराव आवरता घेत असे.

दीपा ही त्या शाळेची क्रीडाशिक्षिका. वय सत्तावीस. रंभाजी आणि भिमाबाई यांची ती धाकटी कन्या, आणि लग्नापूर्वी सहा वर्षे जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळलेली. ती येईपर्यंत या मैदानावर मुलगे तेवढे खेळत. मुलींच्या आया म्हणत, बाप्यामाणसाच्या हाताखाली आमच्या पोरी पळवायच्या न्हाईत. दीपा भिमाबाईंना बरोबर घेऊन बारा घरी गेली. कोठे घरात घेऊन चहा मिळाला, कोठे ओसरीवरच बोलणे झाले, एका घरी पाण्याचा तांब्या बाहेर यायला अंमळ वेळ लागला. प्रत्येक उंबऱ्यात तिने एकच शब्द दिला: दिवस मावळण्याच्या आत तुमची मुलगी तुमच्या दारात उभी असेल. त्या शब्दावर बारा मुली मैदानात आल्या होत्या. तो शब्द एका घरी जरी खोटा पडला असता, तरी बाराही मुली पुन्हा चुलीपुढे जाऊन बसल्या असत्या, आणि या गावात मुलींच्या खेळाचे नाव पुढची वीस वर्षे कोणी काढले नसते. हे दीपा जाणून होती.

आश्विनात शेजारच्या शिवारात कांदा खुरपणाऱ्या एका बाईवर बिबट्याने झेप घेतली. बाई वाचली, परंतु मानेला छत्तीस टाके पडले. त्यानंतर वनखात्याचा एक रक्षक शाळेत आला आणि त्याने मुलांना समोर बसवून सांगितले, “उभ्या माणसाच्या वाटंला तो सहसा जात न्हाई. पण वाकलेला, बसलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो. म्हणून उसाच्या कडंला बसायचं न्हाई. आणि दिसलाच तर पळायचं न्हाई, पळणाऱ्याच्या मागं तो लागतो. उभं राहायचं, एकमेकाला धरून राहायचं, मोठ्यानं आवाज करायचा.”

मुलांनी माना डोलावल्या. मागे भिंतीशी उभी असलेली दीपा मात्र मनाशी एकेक खेळ आठवून पाहत होती. ज्यात बसावेही लागते आणि पळावेही लागते, असा खो-खोवाचून दुसरा खेळ तिला आठवेना. ही गोष्ट त्या सभेत आणखी कोणाच्या ध्यानात आली नाही, आणि तिनेही ती कोणाला बोलून दाखविली नाही. बोलली असती तर त्याच दिवशी खेळ बंद झाला असता. तिने सराव मुकाट्याने शाळेच्या पुढच्या अंगणात आणला. तेथे सिमेंटच्या फरश्या होत्या. तेथे झेप घेता येत नसे, खांब पुरता येत नसे. महिनाभरात बाराही मुलींचे गुडघे सोलवटले.

नगरला जिल्हा संघाची निवड अकरा दिवसांवर आली, आणि त्याच सुमारास ऊसतोडणीची टोळी आप्पासाहेबांच्या फडात शिरली. आप्पासाहेब हे शाळा समितीचे अध्यक्ष, आणि दीपाच्या संघातील सर्वांत चपळ मुलगी ज्ञानेश्वरी ही त्यांची नात. दोन दिवसांत मैदानालगतचा ऊस आडवा झाला. गाडी भरली म्हणून उत्तरेच्या टोकाला दहा सऱ्यांचा एक पट्टा तेवढा उभा राहिला.

“मॅडम,” आप्पासाहेब मोकळ्या रानाकडे हात करून म्हणाले, “आता ससा पळाला तरी इथनं दिसंल. त्या फरशीवर पोरींचं गुडघं कशाला फोडता? आजपासून मागंच खेळवा.”

“पट्टा राहिलाय की, आप्पासाहेब.”

“किती राहिलाय? दहा सऱ्या. त्यात बिबट्या म्हनजे खिशात हत्ती ठेवल्यागत हाय.”

भोवतालचे लोक हसले. दीपाही हसली. ऊस तुटला की भीती सरली, असे त्या गावात सर्वच धरून चालत, आणि त्या दिवशी तिलाही तसेच धरून चालावेसे वाटत होते.

बांधावर टोळीतली एक प्रौढ बाई वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, मोळी बांधीत होती. रंगुबाई तिचे नाव, पाथर्डीकडची. तिने दीपाला हाक मारली.

“मास्तरीन बाई, लेकरं हितं खेळवनार व्हय?”

“हो, मावशी.”

“आजचा दिस ऱ्हाऊ द्या. आमी तोडीत आलो तसं आतलं समदं म्होरं सरकत गेलंया. कोल्हं, डुकरं, समदं. आता ते त्या पट्ट्यात कोंडलंय. आनखी काय हाय आत, ते आमाला बी ठावं न्हाई. आमची लेकरं आमी सकाळधरनं गाडीवर चढवून ठिवल्यात.”

दीपाने पट्ट्याकडे पाहिले. वारा पडला होता, पाने निश्चल होती. मागे वळली तर मुलींनी फक्कीने निम्म्या रेषा आखूनही टाकल्या होत्या, आणि महिन्याभराने पायांखाली माती आल्यामुळे त्या वासरांसारख्या उधळत होत्या. नऊ दिवस, तिने मनाशी म्हटले. फक्त नऊ दिवस. रंगुबाईला तिने मान डोलावून दाखविली आणि ती मैदानात उतरली. पुढे जे घडले त्याचे मूळ तिने नेहमी याच क्षणात शोधले.

सराव उत्तम झाला. इतका उत्तम, की साडेपाचला थांबवायचे ठरविले असताना दीपाच म्हणाली, “आणखी एक डाव.”

मधली पाटी दक्षिणोत्तर होती. तिच्यावर आठ मुली आपापल्या चौकोनात उकिडव्या बसल्या, खेळाच्या नियमाप्रमाणे एक पूर्वेकडे तोंड करून, दुसरी पश्चिमेकडे. दक्षिणेच्या खांबाशी ज्ञानेश्वरी पाठलागासाठी उभी होती आणि तिच्यापुढे हुलकावण्या देणाऱ्या तिघी. दीपा शिट्टी हातात घेऊन त्याच खांबाजवळ होती. उत्तरेच्या टोकाला, आठव्या चौकोनात, पश्चिमेकडे तोंड करून मोनिका बसली होती. संघातील सर्वांत लहान, तेरा वर्षांची, मजुरी करणाऱ्या मालनबाईंची एकुलती एक मुलगी.

प्रथम मोनिकाचे हात बदलले. धावण्याच्या तयारीत जमिनीला टेकलेली तिची बोटे हळूहळू मातीत रुतत गेली. मग सहाव्या चौकोनातील मुलीचे तोंड उघडे पडले, आणि त्यातून आवाज निघाला नाही. दीपाने त्यांच्या नजरेमागे नजर नेली.

उभ्या पट्ट्याच्या कडेला, पाचटावर, बिबट्या होता. मोनिकापासून वीस पावलांवर. तो चालत नव्हता आणि गुरगुरतही नव्हता. कोणी दारात येऊन थांबावे तसा तो थांबला होता, आणि बसलेल्या मुलींकडे पाहत होता.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या चौघींना तो दिसत होता. पूर्वेकडे तोंड असलेल्या चौघींना तो दिसत नव्हता, आणि डाव का सुरू होत नाही हे त्यांना उमगत नव्हते. परंतु आठांपैकी एकही हलली नाही. दोन महिने दीपानेच त्यांच्या अंगी हे मुरविले होते: आभाळ कोसळले तरी पाठीवर हात आणि कानावर खो पडल्यावाचून उठायचे नाही. भीतीने त्यांचे सगळे ज्ञान हिरावून नेले होते, एवढा एक नियम शिल्लक ठेवला होता, आणि तो नियम त्यांना जमिनीशी बांधून ठेवीत होता.

दीपाच्या ओठांपर्यंत शिट्टी गेली आणि परत आली. शिट्टी ही डाव सुरू होण्याची खूण; ती झाली तर त्या अधिकच घट्ट बसतील. पळा म्हणून ओरडले तर बाराजणी बारा वाटांनी पळतील, आणि मोनिका सर्वांत मागे राहील. ती पहिल्या चौकोनाकडे चालू लागली. चालताना उभ्या असलेल्या चौघींना ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, “माझ्या मागं या. हात धरा. पळायचं नाही.”

पहिल्या मुलीच्या पाठीवर तिने हात ठेवला. “खो.”

मुलगी सवयीने उसळली. दीपाने तिचा खांदा घट्ट धरून ठेवला.

“मॅडम, कोन्या दिशेला पळू?”

“कुठंच नाही. उभी राहा. ज्ञानेश्वरीचा हात धर.”

“फाऊल व्हईल की.”

“होऊ दे.”

दुसरी उठली. ती रडत होती, परंतु आवाज न करता. तिसरीने वळून पाहायचा प्रयत्न केला, तेव्हा दीपाने तिचे डोके हलकेच आपल्या पोटाशी दाबले. चौथी. पाचवी. प्रत्येक चौकोनागणिक दीपाच्या मागची रांग लांबत होती, आणि प्रत्येक चौकोनागणिक ती स्वतः त्या जनावराच्या एकेक पाऊल जवळ जात होती. सहाव्या चौकोनापाशी तिला त्याचा वास आला, ओल्या घोंगडीसारखा उग्र. सातवी मुलगी उठली तेव्हा बिबट्याने पुढचे पाय दुमडले आणि तो पोटावर आला. शेपटीचे टोक तेवढे पाचटावर डावीउजवीकडे फिरत होते.

आता मोनिका एकटी बसलेली होती.

दीपा तिच्या मागे पोचली. तिने त्या लहानशा पाठीवर हात ठेवला. फ्रॉकमधून हृदयाचे ठोके तिच्या तळव्याला लागत होते. तिने तोंड उघडले आणि आवाज आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, घशातून नुसती हवा गेली. मोनिका उठली नाही. हात पडला होता, खो पडला नव्हता. दीपाने तिला बखोटीला धरून ओढले असते, परंतु तिच्या हातांत तेवढे बळ उरले नव्हते. बिबट्याच्या पिवळ्या डोळ्यांखेरीज तिला काहीच दिसत नव्हते, आणि आपण असेच उभे राहू व पोर आपल्या हाताखालून जाईल, एवढे एकच तिला स्वच्छ दिसत होते.

तेव्हा मागून आवाज आला. अकराजणींचा एकदम. “खो.”

मोनिका ताडकन उभी राहिली. बिबट्या दचकून अर्धा वळला. मुलींनी पुन्हा आरोळी दिली, आणखी एकदा दिली, आणि मग त्या देतच राहिल्या, रडत, एकमेकींचे हात पिळवटत. पट्ट्याची पाने हलली आणि पाचट रिकामे झाले.

तो गेला की नुसता आड झाला, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तोंडे उसाकडे ठेवून, हातात हात गुंफून, बाराजणी आणि दीपा उलट्या पावलांनी शाळेपर्यंत आल्या. वर्गाचे दार लावून दीपाने मुली मोजल्या. बारा भरल्या. तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा मोजल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून, आणि बारा भरल्यावर तिसऱ्यांदा मोजल्या. बाहेर दिवस मावळला होता, आणि एकही मुलगी आपल्या दारात नव्हती.

पालक ट्रॅक्टर घेऊन, काठ्या घेऊन आले. त्या वेळी जो तो आपापली मुलगी घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. आप्पासाहेब रात्रभर जागे असल्यासारखे दिसत होते.

दीपा उभी राहिली. आवाज अजून पुरता परतला नव्हता. “बसलेल्या माणसाला धोका जास्त असतो, हे मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. काल रंगुबाईंनी थांब म्हणून सांगितलं, तेही मी ऐकलं नाही. आणि उशीर मीच केला. मी शब्द दिला होता तो मोडला.”

“खरं बोललात, बरं झालं,” आप्पासाहेब म्हणाले. “खेळा म्हननारा मी, त्यामुळं दोष माझा बी हाय. पण आता बास. मुलींचा खेळ बंद.”

माना हलल्या. दीपाने खाली पाहिले. हेच होणार, हे तिला ठाऊक होते. त्या निर्णयाने तिच्या मनात कोठेतरी सुटका वाटली, आणि त्या सुटकेची तिला बिबट्याहूनही अधिक धास्ती वाटली.

“बोलू का?” मागून मालनबाई म्हणाल्या. “माझी पोरगी आठव्या घरात हुती, म्हनून म्हनते.”

“बोला की.”

“मला बी भ्या वाटतं. पोरगी सारी रात माझं मनगाट धरून निजली. पण आप्पासाहेब, मी रोज त्याच बांधाला गवताला वाकते. सा महिनं बिबट्याची बोंब हाय. माझं वाकनं बंद कराया कुनी मीटिंग घेतली?”

“ते काम हाय, मालनबाई.”

“व्हय, काम हाय. आन तुमच्या नातवाचं, ओमचं किरकेट? त्याच मैदानात, त्याच टायमाला. ते बी कामच आसंल.”

कोणीतरी तोंडावर उपरणे धरून हसले. आप्पासाहेब हसले नाहीत.

“मग मैदानात राखनीला कोन उभं ऱ्हानार?” त्यांनी विचारले.

“ज्यांना उभं ऱ्हायाची सवय न्हाई, त्यांनी घरी बसावं,” मालनबाई म्हणाल्या. “आमी ऱ्हातो.”

वनखात्याने पट्ट्याच्या तोंडाशी पिंजरा लावला आणि त्यात शेळी बांधली. पिंजऱ्यात काही येईपर्यंत ऊस तोडू नये, असे सांगितले. तीन दिवस शेळी ओरडत राहिली आणि पिंजरा रिकामाच राहिला. चौथ्या दिवशी, रविवारी, भर दुपारी एक वाजता आप्पासाहेबांनी एका डावाची परवानगी दिली. एकच डाव. निवड पाच दिवसांवर होती.

पश्चिमेच्या रेषेवर मालनबाई आणि आणखी पाच बायका विळे घेऊन, दोन दोन हातांवर उभ्या राहिल्या. त्यांत रंगुबाईही होती. तिने डोक्याला फडके घट्ट बांधले होते आणि ती पट्ट्यावरून नजर काढीत नव्हती. ऊन लख्ख होते. सावली नावालाही नव्हती. बाराही मुली आल्या होत्या. हे पाहून दीपाला आनंद व्हायला हवा होता. परंतु आता बारा मुली आणि सहा बायका, असे अठरा जीव आपल्या शब्दावर येथे उभे आहेत, एवढेच तिला वाटले.

“जागा घ्या,” ती म्हणाली.

मुली आपापल्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या.

“बसा.”

कोणी बसले नाही. ज्ञानेश्वरी खांबाशी मान खाली घालून उभी होती. तिसऱ्या चौकोनातील मुलीने गुडघे वाकवले आणि ती पुन्हा सरळ झाली. आठव्या चौकोनात मोनिका ओठ चावीत उसाकडे पाहत होती. पिंजऱ्यातील शेळी एकदा ओरडली, आणि सगळ्यांचे खांदे एकदम वर गेले.

दीपाने तिसऱ्यांदा सांगितले नाही. सांगण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे की नाही, याची तिला शंका होती. ती मधल्या पाटीवरून चालत आठव्या चौकोनापाशी गेली.

“सरक, मोनिका.”

“मॅडम, ही माजी जागा हाय.”

“आज मी बसते. तू माझ्या मागं उभी राहा.”

“मग तुमाला खो कोन देनार?”

“तू.”

दीपाने साडीचा काष्टा नीट केला आणि ती बसली. बसताच सारे बदलले. उभे असताना दहा सऱ्या दिसणारा पट्टा आता भिंतीएवढा झाला. पाचटाच्या आतला काळोख तिच्या डोळ्यांच्या पातळीत आला. आपली मान किती उघडी आहे हे तिला कळले. त्या दिवशी मोनिकाने काय पाहिले होते, तेही कळले. ती कापू लागली, आणि आपण कापतो आहोत हे मुलींपासून लपविण्याचा तिने प्रयत्न केला नाही.

डाव्या अंगाला कापड सळसळले. सातवी मुलगी बसली. मग पाचवी, मग कोणती ते तिला कळेना, कारण नियमाप्रमाणे बसलेलीने मान वळवून पाहायचे नसते.

“मालनबाई,” दीपाने नजर न हलविता विचारले, “दिसतंय का काही?”

“काय न्हाई,” मालनबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, “अजून तरी काय न्हाई.”

दक्षिणेच्या खांबाकडून ज्ञानेश्वरीची पावले निघाली. खो पडत गेले, एकीकडून दुसरीकडे, आरंभी चाचरत, मग जलद. दीपा बोटे मातीत रोवून उसाकडे पाहत बसली होती. मोनिकाचा हात अजून पाठीवर पडला नव्हता, आणि तो पडेपर्यंत तिला उठायचे नव्हते.